लिव्हरच्या ओपीडीबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मला माणसांची शिसारी आलेली आहे. आत्मकथेची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. आधी आपला जन्म सांगावा, मग कामगिरी सांगावी, आणि तक्रार असेल तर ती शेवटी हळूच करावी. पण सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी इतकी वर्षे काढली आहेत की गोड बोलायचे त्राण माझ्यात उरलेले नाही.

तरी जन्म सांगतो. मला तिप्पण्णा सुताराने घडवले. अक्कलकोट रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. पाडलेल्या एका शाळेचे सागवानी दरवाजे त्याने आणले आणि त्यांतून माझी पाठ व बैठक काढली. पाय बाभळीचे लावले. काम करताना तो कानडीत काहीतरी गुणगुणत असे आणि मधूनमधून उघडा तळवा माझ्यावरून फिरवून बघत असे. कुठे कुसळ लागले की पुन्हा रंधा मारायचा. "दवाखान्यात आलेलं माणूस आधीच कावलेलं असतंय," तो म्हणायचा, "त्याला आणि बाकाचं कुसळ कशाला टोचायचं?" आजवर मला भेटलेल्या सगळ्या माणसांत मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो.

सुरुवातीला मला लहान मुलांच्या विभागाबाहेर ठेवले होते. आया आपापली लेकरे घेऊन माझ्यावर बसत. लेकरे माझ्यावर ओकत, मुतत, बिस्किटे चुरत. त्या ओलीची मला कधी घाण वाटली नाही. तिथली एक म्हातारी सिस्टर तर म्हणायची, "ह्या बाकावर बसवलं की पोरगं रडायचं थांबतंय बघा." मी त्या कौतुकावर कितीतरी वर्षे जगलो.

पुढे तिथे चकचकीत स्टीलच्या खुर्च्या आल्या. मला फरफटत नेताना माझा एक पाय मोडला, तो तारेने आवळून बांधला आणि मला लांबच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला टाकले. तेव्हापासून मी लिव्हरच्या ओपीडीबाहेर आहे. माझ्या बैठकीखाली चघळून चिकटवलेली च्युइंगम आहेत. मागच्या भिंतीवर माव्याच्या पिचकाऱ्या आहेत आणि त्यांचे शिंतोडे माझ्या पाठीवर वाळले आहेत. ही घाण तुम्हाला दिसेल. जी दिसणार नाही, ती मी आता सांगतो.

लिव्हर म्हणजे यकृत. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड ते असते. ते वर्षानुवर्षे आजारी राहिले की माणसाचे डोळे पिवळे होतात, हातपाय काटकुळे होतात, पोटात पाणी साचते आणि अंगाला सारखी खाज सुटते. अशी माणसे माझ्यावर येऊन बसतात. ती बसली की शेजारचा माणूस हळूच सरकतो. थोडा थोडा सरकत तो कडेला जातो आणि मग उठून उभाच राहतो. मी लाकडाचा असलो तरी कोणाचे वजन कुठे सरकले हे मला कळते.

त्यानंतर कुजबुज सुरू होते. "पित असणार. लिव्हर उगंच जातंय व्हय?" खरे तर हा आजार विषाणूमुळे होतो, चरबीमुळे होतो, आणखीही पुष्कळ कारणांनी होतो. काही जण दारू पिणारेही असतात. असतील. म्हणून त्यांच्या पोटात दुखत नाही की काय? आणि ओपीडीचे दार तर कायम उघडे! आतून डॉक्टर विचारतात, "किती वर्षं पिता?" बाहेरची सगळी रांग कान टवकारते. तसे टवकारलेले कान पाहिले की मला वाटते, आपले उरलेले पायही मोडावेत आणि ही रांग धाडकन खाली पडावी.

या रांगेत एका उन्हाळ्यात बजाबाई आली.

बजाबाई मंगळवेढ्याकडच्या एका गावची. पन्नाशीची असेल. काळ्या रानात ज्वारी काढून काढून तिचे तळवे खरबरीत झाले होते. आता ती नवऱ्यासह सोलापुरात मुलाकडे राहत होती. नवरा मानसिंग, पांढऱ्या टोपीचा, अबोल माणूस. मुलगा अजिंक्य एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. तिघे आले तेव्हा बजाबाई मधोमध बसली. मानसिंग एका टोकाला बसला. अजिंक्यने खिशातून छोटी बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळले आणि तो दुसऱ्या टोकाला, आईपासून हातभर दूर, खाली पेपर अंथरून बसला.

माझ्यावर आजवर पुष्कळांनी पेपर अंथरले, मित्रांनो. बूड मळू नये म्हणून अंथरतात. पण हा पेपर आईच्या स्पर्शाला आडवा घातलेला होता.

बजाबाईला हिपॅटायटिस-बी होता. रक्तातून पसरणारा विषाणू. तो कित्येक वर्षे गुपचूप तिच्या शरीरात राहिला आणि त्याने तिचे यकृत पोखरले. आतले मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या दारात शंभर माणसे उभी असत. ते भराभर म्हणाले, "इन्फेक्शन आहे. रोज एक गोळी, कधीही चुकवायची नाही. घरच्या सगळ्यांची टेस्ट करा, लस घ्या. एकत्र जेवण्यानं, हात लावण्यानं हा पसरत नाही. नेक्स्ट!" त्या सगळ्यातले अजिंक्यने 'इन्फेक्शन' एवढेच नेमके उचलले. टेस्टही राहिली आणि लसही राहिली.

त्या दिवसापासून बजाबाईचे ताट वेगळे झाले.

हे मला कसे कळले? पुढच्या खेपेला ती ताट-तांब्या सोबत घेऊनच आली. तांब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला होता. ताटाच्या काठावर लाल रंगाचा ठिपका होता. दुपारी अजिंक्यने डबा उघडला, दोन भाकरी आणि शेंगाची चटणी वरूनच त्या ताटात टाकली. टाकली म्हणजे अक्षरशः टाकली. एक भाकरी अर्धी बाहेर पडली, ती तिने उचलून घेतली. जिच्या हातच्या भाकरीसाठी गावातले लोक मुद्दाम थांबत, तिला आता स्वयंपाकघरात जायची बंदी होती. नात श्रावणी जवळ आली की सून तिला हाक मारून आत न्यायची, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळले.

शेजारी बसलेल्या एका बाईने विचारले, "काय झालंय वो तुमाला?"

बजाबाई काही बोलायच्या आतच मानसिंग म्हणाला, "काय न्हाय. पित्त हाय."

मग ती बाई बजाबाईच्या फुगलेल्या पोटाकडे आणि पिवळ्या डोळ्यांकडे बघून हसली आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "बाया बी प्याय लागल्या आता." बजाबाईने पदर पोटावर ओढून घेतला. 

याच सुमारास डॉक्टर अनिमेष नावाचा एक तरुण रोज माझ्याजवळ येऊ लागला. तो शिकाऊ डॉक्टर होता. जुनाट यकृतविकाराच्या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता किती असते, याचा तो अभ्यास करत होता. विषय ऐकून मला बरे वाटले. म्हटले, चला, यांच्या मनाची चौकशी करणारा कोणीतरी आला. पण त्याची चौकशी मी पाहिली आणि मला ओकारी यायची तेवढी बाकी राहिली.

तो उभाच राहायचा. एका हातात पेन, दुसऱ्या हातात मोबाईल. बजाबाईसमोर येऊन त्याने कागदावरून वाचले, "मागच्या दोन आठवड्यांत उदास किंवा निराश वाटलं का?"

"नाही, नाही," अजिंक्य म्हणाला. "तिला काय टेन्शन? घरात बसूनच असते."

"भीती, काळजी, घाबरल्यासारखं होतं का?"

"तिला कशाची काळजी? सगळं आम्ही बघतो."

"झोप लागते का?"

"दिवसभर लोळतच असते," मानसिंग म्हणाला.

"आत्महत्येचे विचार वगैरे?"

भर रांगेत, दोन पुरुषांसमोर, मोबाईलकडे बघत विचारलेला प्रश्न! बजाबाई जमिनीकडे बघत राहिली. अजिंक्य हसला. "काहीतरीच काय डॉक्टर!" अनिमेषने भराभर खुणा केल्या आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. बजाबाईला त्याने एकदाही नावाने हाक मारली नाही. तिच्या तोंडून एक अक्षरही बाहेर आले नाही. तरी कागदावर तिची नोंद झाली की हिच्या मनाला काही त्रास नाही.

त्याच दिवशी दोघे पुरुष चहाला गेले असताना तिने नुकतीच आणलेली गोळ्यांची पाकिटे पिशवीतून काढली. इकडे तिकडे पाहिले. मग ती माझ्या पायाशी असलेल्या कचऱ्याच्या बादलीत सोडून दिली आणि वर एक पेपर सारला. अजिंक्यने अंथरला होता तोच.

मित्रांनो, मला वाचा नाही. त्या दिवशी मला या मुकेपणाचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नव्हता. व्हरांड्यातून डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय ये-जा करत होते, आणि एक बाई शांतपणे, पदर नीट करत, जगणे सोडून देत होती.

पावसाळा सरला तोवर ती फारच खालावली. आधी पायांवर सूज नव्हती, आता पाय खांबासारखे झाले. मोठे डॉक्टर रिपोर्ट बघून चक्रावले. "गोळी चालू आहे ना?" त्यांनी विचारले. "आहे की," मानसिंग म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याने कधी बघितलेच नव्हते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी अनिमेषबरोबर डॉक्टर वैदेही आल्या. त्या मानसोपचार विभागातल्या, अनिमेषच्या वरिष्ठ. त्याचे कागद तपासून त्या चिडलेल्या होत्या.

"इतके आजारी लोक, आणि जवळजवळ एकालाही नैराश्य नाही?" त्या म्हणाल्या. "यातलं कोण कोण आज आलंय?"

अनिमेषने बजाबाईकडे बोट दाखवले.

"यांना तू विचारलंस, की यांच्या घरच्यांना?"

अनिमेषचे कान लाल झाले.

वैदेहीबाई माझ्यावर बसल्या. थेट बजाबाईच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. माझ्या फळ्यांना ते इतके अनोळखी वाटले की माझा तारेचा पाय करकरला. मग त्या अजिंक्यला आणि मानसिंगला म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा चहा घेऊन या. आणि हळूहळू प्या."

बजाबाई चपापून दूर सरकू लागली. "बाई, लांब बसा. मला रोग हाय."

"मला माहीत आहे कुठला ते. शेजारी बसल्यानं तो लागत नाही. आणि मी लस घेतलीय. नाव काय तुमचं?"

"बजाबाई."

"बजाबाई, हात असे पुढं करा. पंजे मागं वळवा. तसेच धरा." तिचे पंजे स्थिर राहिले. मग त्यांनी आज वार कोणता, महिना कोणता, वीसपासून उलटे आकडे मोजता येतील का, असे विचारले. बजाबाईने अडखळत पण बरोबर सांगितले. वैदेहीबाई अनिमेषकडे वळल्या. "लिव्हर बिघडलं की रक्तातलं विष मेंदूपर्यंत जातं आणि माणूस गुंगतो, विसरतो. ते आधी बघायचं. नाहीतर त्यालाच आपण उदासी समजतो. आणि झोप, भूक, थकवा एवढ्यावरच भिस्त ठेवायची नाही. ते तर आजारानंही बिघडतं. आता पुढचं ऐक. आणि खाली बस."

अनिमेष माझ्यासमोर फरशीवर बसला. मोबाईल त्याने खिशात घातला.

"बजाबाई, पूर्वी कशात जीव रमायचा तुमचा?"

वैदेहीबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या नुसत्या थांबल्या.

"रानात," बजाबाई म्हणाली. "आन् चुलीपुढं."

"आता?"

"आता कशातच न्हाय. टीव्ही लावत्यात माज्यासाठी, पन मला त्यातलं काय दिसतच न्हाय."

"घरात तुम्हाला हात कोण लावतं?"

हा प्रश्न कोणत्याही कागदावर नव्हता. बजाबाईने मान वर केली. 

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "नात यायची, तिला बी आता येऊ देत न्हाईत. माजं ताट येगळं, तांब्या येगळा, आंघुळीची बादली येगळी. माजं मलाच घान वाटाय लागलंय बाई. म्या माज्या हाताचा वास घेत बसते. खरंच वास येतोय का वो?"

वैदेहीबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"गोळ्या घेता का?"

"न्हाय." ती इतक्या हळू बोलली की मी ऐकले ते तिच्या पाठीतून. "टाकून देते. म्या गेले की घरातली भांडी पुन्ना एका जागी येतील की."

फरशीवर बसलेल्या अनिमेषने डोळे मिटले. त्याचा मला त्या क्षणी राग आला नाही. पण दयाही आली नाही.

वैदेहीबाईंनी घाई केली नाही. जिवाचे काही करून घ्यावे असे वाटते का, कधी वाटते, आणखी काही ठरवले आहे का, हे त्यांनी तिला सरळ, शांतपणे विचारले. मग म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलंत, हे फार बरं केलंत. तुमच्या मनालाही आजार झालाय, बजाबाई. लिव्हरला औषध आहे तसं त्यालाही आहे. ते मी लिव्हरला झेपेल एवढंच देईन. आज तुम्हाला घरी पाठवत नाही, भरती करून घेते. गोळ्या सिस्टर समोर बसून देतील. आणि तुमच्या माणसांशी मी बोलते."

त्या बोलल्या. या वेळी दार लावून. आत काय बोलणे झाले ते मी सांगू शकत नाही, कारण दार लावलेले होते आणि मला त्याचा आनंद झाला. एवढे मात्र खरे की बाहेर येताना अजिंक्यची मान खाली होती, आणि सगळ्या घराचे रक्त तपासायला गेले.

बजाबाई वॉर्डातच होती तेव्हा रिपोर्ट आले. तिला चालवत आणून माझ्यावर बसवले. अजिंक्य, सून वैष्णवी आणि श्रावणी तिघेही निर्धोक निघाले, त्यांना फक्त लस घ्यायची होती. मानसिंगच्या रक्तात मात्र तोच विषाणू निघाला.

मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की लिव्हर अजून ठीक आहे, पण नियमित तपासणीला यावे लागेल. "माज्यात कुटनं आला?" मानसिंगने विचारले. डॉक्टर म्हणाले, "ते आता कळायचं नाही. न उकळलेली सुई असेल, न्हाव्याचा वस्तरा असेल. तुमच्याकडून त्यांना गेला की त्यांच्याकडून तुम्हाला, तेही सांगता येत नाही."

मानसिंग बाहेर येऊन बजाबाईशेजारी धपकन बसला. त्याचे तोंड मातीसारखे झाले होते. आणि मित्रांनो, त्यानंतर जे घडले त्याने माझ्या लाकडाला शहारा आला. अजिंक्य बापापासून दोन पावले मागे सरकला. वैदेहीबाईंनी एवढे समजावल्यानंतरही! त्याचा हात आपोआप खिशात गेला, ती छोटी बाटली निघाली आणि तो हात चोळू लागला.

मानसिंगने ते पाहिले. पांढऱ्या टोपीचा तो अबोल माणूस हमसून हमसून रडू लागला.

आता बजाबाई बोलणार, असे मला वाटले. 'आता कळलं का?' असे तिने विचारले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तिने आपला लाल दोऱ्याचा तांब्या उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "पानी प्या," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. तिचा आवाज बारीक होता, पण त्यात रानातला करडेपणा परत आला होता.

"अजिंक्य, ती बाटली त्या बादलीत टाक."

"आई, तसं नाही, सवय झालीय गं नुसती..."

"त्याच बादलीत म्या माज्या गोळ्या टाकत हुते. टाक म्हन्ते न्हवं."

अजिंक्यने बाटली टाकली. मग तो आला आणि दोघांच्या मध्ये बसला. खाली पेपर नव्हता. थोड्या वेळाने त्याने आईच्या खांद्यावर कपाळ टेकले. तिने त्याला जवळही घेतले नाही, लांबही केले नाही. मला तिचे पटले. काही गोष्टी एका रडण्यात फिटत नाहीत.

बजाबाई एकदम बरी झाली, असे मी सांगणार नाही. यकृत जेवढे गेले ते गेले. पण पोटातले पाणी उतरले, पायांची सूज ओसरली. ती दर थोड्या दिवसांनी वैदेहीबाईंना भेटते. पौषात ती गावी हुरड्याला जाऊन आली. "हुरडा चार दानंच खाल्ला," ती त्यांना सांगत होती, "पन आगटीपुढं बसून म्याच भाजला. सगळ्यांनी माज्या हातचा खाल्ला." मधेच एखाद्या दिवशी ती नुसती भिंतीकडे बघत बसते. मग वैदेहीबाई तिला लवकर आत बोलावतात. मानसिंग आता तिच्या गोळ्या तिच्यासमोर मोजून देतो. तरी त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही. स्वतःच्या रक्तात तोच विषाणू निघेपर्यंत त्याला बायकोचे दुःख कळले नाही, ही गोष्ट मी विसरणार नाही.

अनिमेषने आधीचे सगळे कागद बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता तो माझ्यावर बसतो. परवा त्याने मोहोळच्या एका माणसाला घरचे कसे वागवतात, असे विचारले. सगळे त्याला बेवडा म्हणत, आणि दारू सोडून त्याला कितीतरी वर्षे झाली होती. अनिमेष थांबला. शेवटी तो माणूस म्हणाला, "पोरीच्या लग्नात मला मागच्या खोलीत बसवलं साहेब. जेवान तितंच आनून दिलं." अनिमेषने पेन खाली ठेवले आणि आधी त्याचे सगळे ऐकून घेतले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी फार दिवसांचे आजारी असेल. औषध आणले, पथ्य सांभाळले, म्हणजे आपले काम झाले असे समजू नका. त्याला विचारा, तुला आतून कसे वाटते? त्याच्या वतीने दुसरेच कोणी उत्तर देऊ लागले तर त्याला गप्प करा, मग तो मोठा माणूस असला तरी. आणि विचारल्यावर थांबा. आजारी माणसाचे उत्तर फार खोलातून येते, त्याला वर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्याने माझ्यावर बसू नये. त्याने उभेच राहावे.